जड मशीन साठवताना या चुका टाळा

रबाळे एमआयडीसीत आमच्या शेडमागे एक गिअरबॉक्स आठ महिने पडून होता. ताडपत्री चारही बाजूंनी पार जमिनीपर्यंत आवळून बांधलेली. दिवाळीनंतर दोरी सोडली, तर ताडपत्रीला आतून पाण्याचे थेंब लोंबत होते आणि शाफ्टच्या चकचकीत भागावर केशरी गंज चढला होता. पाऊस मात्र कुठूनही आत गेलेला नव्हता.

ठाणे-बेलापूर पट्ट्यात ही चूक मी सर्वांत जास्त पाहिली. शेजारी खाडी, त्यामुळे हवेत ओल आणि खार दोन्ही. आर्द्रता साधारण 60 टक्क्यांवर गेली की उघड्या पोलादाला गंज धरतो, वर मीठ बसलेलं असेल तर त्याच्याही आधी. जमिनीची ओल ताडपत्रीखाली कोंडते, रात्री धातू गार पडला की त्याला घाम फुटतो. ऑक्टोबरात तर रोजच. म्हणून मशीन लाकडी स्लीपरवर चढवा, खाली प्लास्टिक अंथरा, ताडपत्री सांगाड्यावर टाका आणि खालून हातभर मोकळी ठेवा.

व्हीसीआय फिल्म, म्हणजे गंज रोखणारी वाफ सोडणारी प्लास्टिक फिल्म, तिचं नेमकं उलट. तिची वाफ आत कोंडून राहिली तरच ती काम करते, भोक पडलं तर वाफ निसटते आणि उपयोग कमी होतो. आत ओल शोषणारे सिलिका जेल ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की ते ओव्हनमध्ये साधारण 120 अंशांवर वाळवा.

गंजरोधक तेल घाईत नुसतं वरून फासू नका. घामट हात लागलेल्या जागी तेलाखाली बोटांच्या आकाराचा गंज उमटतो. आधी सॉल्व्हंटने पुसा, कोरडं करा, हातमोजे घालूनच तेल लावा.

पंपाचा ड्रेन उघडला म्हणजे टेस्टिंगचं सगळं पाणी गेलं, असं धरू नका. खोबणीत ते राहतंच. कोरडी हवा मारा, मग फ्लँज (पाइप जोडायची तोंडं) बंद करा. साठवणीसाठी गिअरबॉक्समध्ये वरची बेअरिंगं बुडेपर्यंत तेल भरलंत तर त्यावर ठळक पाटी लावा: ‘तेल जास्त आहे, चालू करण्याआधी कमी करा.’ पाटी नसली तर पुढच्या माणसाला कळणार कसं?

शाफ्ट महिन्यातून एकदा हाताने फिरवा, पण पूर्ण फेऱ्यावर थांबू नका, सव्वा फेरा घ्या. नाहीतर शाफ्ट पुन्हा त्याच स्थितीत येऊन थांबतो. मोटारीचा स्पेस हीटर, म्हणजे आत ओल धरू न देणारा छोटा हीटर, चालू ठेवा. 415 व्होल्टच्या मोटारीचं मेगर रीडिंग (वाइंडिंगच्या, म्हणजे आतल्या तारांच्या वेटोळ्यांच्या इन्सुलेशनचं माप) 5 मेगाओहमच्या खाली आलं तर आधी वाइंडिंग वाळवा.

गंज चढलाच असेल तर सरसकट पॉलिश पेपर घासत सुटू नका. मोकळ्या भागावरचा हलका गंज बारीक पेपरने काढून लगेच तेल लावा. ऑइल सील बसते तिथे किंवा बेअरिंगच्या जागेवर खड्डे दिसले, तर हात न लावता आधी मायक्रोमीटरने माप घ्या.