आगराची वही फोनमध्ये

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्या दापोली तालुक्यावरून गेलं. माड आणि पोफळी (सुपारीची झाडं) आडव्या होताना मी माजघराच्या खिडकीतून पाहत होते. नंतर पंचनाम्याला माणसं आली. त्यांचे प्रश्न साधेच होते: माड किती, पोफळी किती, किती वर्षांच्या, कितींना उत्पन्न होतं? पंचवीस वर्षं या आगराला, म्हणजे आमच्या माड-पोफळींच्या बागेला, शिपण्याचं पाणी दिलंय मी, पण नक्की आकडा सांगता आला नाही. मामंजी कालनिर्णयच्या चौकोनांत पाऊस, पाडा (नारळ उतरवणं), खत सगळं लिहीत. ती पानं वाळवीनं खाल्ली होती. त्याच पावसाळ्यात मी फोनमध्ये वही सुरू केली.

पहिलं काम मात्र फोनचं नाही. झाडांना नंबर द्या. आंबा आ-१, माड मा-१, पोफळ पो-१, काजू का-१, असे. पत्र्याच्या पट्टीवर खिळ्यानं नंबर कोरून ती तारेनं सैल बांधा, खोडात ठोकू नका. मग गूगल शीट्समध्ये ‘झाडं’ नावाचं पान करा: नंबर, जात, लावल्याचं साल, जागा (विहिरीजवळ, दगडी गडग्यालगत), उभं की पडलेलं. आमची १३८ झाडं भरायला दोन संध्याकाळी लागल्या.

रोजच्या नोंदी मात्र थेट शीटमध्ये भरू नका. ओल्या बोटांनी, उन्हात, इवल्या चौकोनांत लिहिणं चार दिवसांत सुटतं. त्यासाठी गूगल फॉर्म करा आणि त्याची उत्तरं याच शीटला जोडा. उत्तरांचं वेगळं पान आपोआप तयार होतं, त्याला ‘नोंदी’ नाव द्या. फॉर्ममध्ये तीनच प्रश्न ठेवा: झाडाचा नंबर, काय झालं (पालवी, मोहोर, कणी म्हणजे बारीक फळ, गळ, कीड, फवारणी, खत, पाडा, पडलं यांतून निवडायचं), आणि काय दिसलं ते थोडक्यात. तारीख-वेळ आपोआप पडते. फॉर्म क्रोममध्ये उघडून मेनूतून होम स्क्रीनवर टाका. फॉर्मला रेंज लागते, आणि आमच्या आगराच्या खालच्या अंगाला ती नसते. तिथे मी व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच निरोप लिहिते आणि दिवेलागणीला घरी आल्यावर फॉर्ममध्ये उतरवते.

आता महत्त्वाचं. दिसलं ते लिहा, आपलं मत लिहू नका. ‘मोहोर कमी’ ही नोंद पुढच्या साली काहीच सांगत नाही. ‘आ-५, दक्षिणेच्या फांद्यांना मोहोर, उत्तरेला लाल पालवी’ ही सांगते. आमचा आ-५ हापूस नेहमी मागे पडायचा आणि आम्ही झाडाच्या वयाला दोष द्यायचो. तीन साली झाल्यावर ‘नोंदी’ पानाला फिल्टर लावून फक्त आ-५ काढला. दर साली नोव्हेंबरात त्याच्या उत्तरेच्या फांद्यांना नवी पालवी. हापूसची पालवी पक्की झाल्याशिवाय थंडी पडली तरी त्या फांदीला मोहोर येत नाही; पाऊस लांबला किंवा मुळाशी ओल राहिली की पालवीच फुटत राहते. झाडाच्या उत्तरेला पोफळींचा पाट आहे. पावसाळा संपताच आम्ही तो दुसऱ्या अंगानं वळवला. आधी जानेवारी संपताना येणारा त्या बाजूचा मोहोर गेल्या साली २२ डिसेंबरला दिसला. एका सालच्या नोंदीवरून हे कळलं नसतं, म्हणून पहिल्या वर्षी हाती काही लागलं नाही तरी सोडू नका.

माडाचा शेंडा आपल्याला खालून दिसत नाही, वर चढून नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याला दिसतो. दीड महिन्यानं पाडा असतो, तेव्हा मी फोन घेऊन बुंध्याशी उभी राहते. तो वरून ओरडतो, “वहिनी, बारा नंबर, झावळ कातरल्यासारखी कापलीय!” मी कीबोर्डचा माइक दाबून मराठीत तेच बोलते. झावळीवर असे त्रिकोणी काप म्हणजे गेंड्या भुंगा, लगेच बघायला हवं. बोलून लिहिलेलं एकदा वाचून मग पाठवा. फोन ‘पोय’ला (माडाच्या फुलोऱ्याला) ‘पोहे’ करतो.

फोटो काढताना आधी नंबराच्या पट्टीचा, मग फांदीचा. गूगल फोटोजमध्ये तारखेनं शोधलं की दोन्ही शेजारी सापडतात. जागा १५ जीबीच फुकट आहे आणि जीमेलही तीच वापरतं, म्हणून व्हिडिओ टाळा.

पाऊसही मोजा. सरळ बाजूंचा उंच डबा उघड्यावर, पागोळीपासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला आतल्या पाण्याची उंची पट्टीनं मिलिमीटरमध्ये बघा, लिहा आणि डबा ओता. हवामान खात्याचा दिवसही साडेआठलाच संपतो, म्हणून आपला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येतो. आमच्याकडे एका दिवसात २०० मिमीसुद्धा पडतो, तेव्हा डबा बुटका नको.

गूगल कॅलेंडरमध्ये दर साली परत येणाऱ्या आठवणी लावा. माझी पहिली मेअखेरची: कोळेरोगासाठी (यात पोफळीची फळं कुजून गळतात) पोफळींवर १ टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दुसरी फवारणी ४०-४५ दिवसांनी, उघडीप बघून.

आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी करताना शीट संगणकावर उतरवून ‘झाडं’ पान छापून घ्या. निसर्गनंतर आमच्याकडे वीज यायला तीन आठवडे लागले. फोन बंद म्हणजे फोनमधली वहीही बंद. आता ते कागद आमसुलांच्या बरणीशेजारी प्लास्टिकच्या पिशवीत असतात. मे २०२१मध्ये तौक्ते वादळात पो-३१ गेली तेव्हा तिचं वय, जागा, उभी असतानाचा फोटो, सगळं हाताशी होतं. पडलेल्या झाडाचा नंबर नव्या रोपाला देऊ नका, दोघांच्या नोंदी एकात मिसळतात. तिच्या जागी लावलेली पोफळ पो-७४ आहे.