'के' दाबलं की लिंक मिळत नाही तेव्हा

फोंड्याला घरी मी वर्षानुवर्षं एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरतो. तो फुकट आहे आणि मराठीही वाचतो. पणजीच्या नव्या कामावर मात्र जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर होता. पहिल्याच दिवशी एनव्हीडीएच्या सवयीने 'के' दाबून लिंक शोधू लागलो, एकही सापडेना. 'डी' दाबलं तर भलतीकडेच. वेबपानच बिघडलंय असं मला वाटलं.

दोष पानाचा नव्हता. जॉजमध्ये 'के' म्हणजे आपण स्वतः ठेवलेली खूण. अजून न उघडलेल्या लिंकसाठी तिथे 'यू', आधी उघडलेल्या लिंकसाठी 'व्ही'. 'डी' वेगळ्या प्रकारच्या घटकावर नेतं. पानाचे भाग हवे असतील तर 'आर'. एनव्हीडीएत त्याच कामाला 'डी' लागतं. 'एच' म्हणजे शीर्षक, हे मात्र दोन्हीकडे सारखं, म्हणून आता कुठलंही अनोळखी पान मी 'एच'नेच चाचपतो.

खरा उलगडा इन्सर्ट-एफ७ने झाला. एनव्हीडीएत ती एकच खिडकी लिंक, शीर्षकं, बटणं सगळं दाखवते. जॉजमध्ये इन्सर्टसोबत एफ७ फक्त लिंक देतं, शीर्षकांना एफ६, फॉर्मच्या रकान्यांना एफ५.

फॉर्म भरताना अक्षरं उमटण्याऐवजी कर्सर पानावर उड्या मारू लागला, किंवा उलट उड्यांऐवजी अक्षरं रकान्यात उमटू लागली, तर मोड (पान वाचायचा की टाइप करायचा) बदललेला नसतो. तो बदलायला एनव्हीडीएत इन्सर्ट-स्पेस. जॉजमध्ये रकान्यात शिरायला एंटर, बाहेर यायला नमपॅडवरचं अधिक. विंडोजमधल्या नॅरेटर या स्क्रीन रीडरला कॅप्सलॉक-स्पेस.

म्हापशाच्या मावसभावाच्या मॅकवर व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर आहे. तिथे कंट्रोल-ऑप्शन-यू दाबून रोटर, म्हणजे लिंक, शीर्षकं वगैरेंच्या याद्या, उघडायचा, डाव्या-उजव्या बाणांनी यादी बदलायची. मला तो फार आवडला.