जुना बास दुरुस्त करताय? या चुका टाळा

माझ्याकडच्या सगळ्यात जुन्या बास गिटारच्या हेडस्टॉकमागे, म्हणजे तारांच्या खुंट्या असतात त्या टोकामागे, स्क्रूची सोळा भोकं जास्तीची आहेत. ती मीच पाडली. एक खुंटी घसरत होती. कितीही पिळली तरी तार ताणलीच जायची नाही. तसली खुंटी कुठे मिळेना, म्हणून चार नव्या खुंट्यांचा संच आणला. त्यांचे दांडे जाड निघाले, तेव्हा मूळ भोकं कानशीने मोठी केली. पट्ट्यांचे स्क्रू जुळेनात, तेव्हा नवी भोकं पाडली. वर्षभराने जुना संच डब्यातून काढून नीट पाहिला, तर घसरणाऱ्या खुंटीच्या दातेरी चाकातला बारका स्क्रू सैल झाला होता. अर्धा वेढा दिला आणि खुंटी ठणठणीत.

भाग दुर्मीळ असले की नुकसान बहुतेक असंच होतं. हवा तो भाग मिळत नाही, मग मिळाला तो बसावा म्हणून लाकूड कापलं जातं. खालच्या बऱ्याचशा चुका याच चुकीच्या सख्ख्या बहिणी आहेत.

मॉडेलच्या नावावरून भाग मागवणं

नाव तेच राहतं आणि आतलं सगळं बदलतं. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास १९५१ साली आला तेव्हा त्याला एकच सरळ पिकअप (तारांची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा, चुंबक आणि तारेच्या गुंडाळीचा भाग) होता. १९५७ मध्ये दोन तुकड्यांचा पिकअप आला, त्याबरोबर पिकगार्ड, म्हणजे अंगावर बसवलेलं पातळ झाकणही, बदललं. आता ‘प्रिसिजनचं पिकगार्ड’ मागवलं तर काय येईल सांगा.

म्हणून आधी व्हर्निअर कॅलिपर, मग शोधाशोध. खुंटीसाठी हेडस्टॉकच्या भोकाचा व्यास, दांड्याची जाडी, पट्टीवरच्या स्क्रूंमधलं अंतर आणि फिरण्याची दिशा लिहून ठेवा. हो, दिशासुद्धा. काही जुन्या बासच्या खुंट्या उलट्या फिरतात, आणि तीन एका दिशेच्या, चौथी दुसऱ्या दिशेची असली की सूर लावताना दर वेळी चुकायला होतं. ब्रिजसाठी, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात त्या भागासाठी, तारांमधलं अंतर आणि स्क्रूंची भोकं मोजा. पॉटसाठी, म्हणजे आवाज-टोनच्या नॉबखालच्या फिरत्या रोधकासाठी, दांडा बघा: जुन्या अमेरिकन पॉटचा दांडा बहुधा पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी, भरीव आणि गुळगुळीत असतो, तर मेट्रिक पॉटचा ६ मिमी आणि बहुतेक वेळा दातेरी. नॉब ठोकून बसवायला गेलात तर जुनं प्लास्टिक चिरतं, आणि तो नॉब पॉटपेक्षा कितीतरी दुर्मीळ असतो.

आट्यांचंही तेच. अमेरिकन वाद्यात इंची आटे, जपानी वाद्यात मेट्रिक. दीड वेढा सहज जातो, मग अडकतो, आणि आपल्याला वाटतं गंजामुळे अडकला. जोर लावला की सॅडलचे, म्हणजे ब्रिजवरच्या तार टेकणाऱ्या ठोकळ्याचे, आटे मेलेच. बोटांनी तीन-चार वेढे जात नसतील तर तो स्क्रू त्या भोकाचा नाही. जपानी बासच्या चौफुली स्क्रूंना साधा फिलिप्स लावला तर तो वर उसळतो आणि स्क्रूचं डोकं खातो. त्यांच्यासाठी जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचा स्क्रू ड्रायव्हर वेगळा मिळतो, तो एकदाच घ्या.

खरोखर जाम झालेल्या स्क्रूवर तेल सोडू नका. लाकूड ते पितं आणि कडेला काळा डाग कायमचा राहतो. सोल्डरिंग आयर्नचं टोक स्क्रूच्या डोक्यावर अर्धा-एक मिनिट धरा, थंड होऊ द्या, मग फिरवा.

पिकअप मेला असं न मोजताच ठरवणं

सगळ्यात जास्त मूळ भाग इथे गमावले जातात, म्हणून इथे थोडा वेळ घेतो.

बासला केबल लावा, आवाजाचा नॉब पूर्ण उघडा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला, प्लगच्या टोकापासून बाहीपर्यंत, मल्टिमीटरने रोध मोजा. काहीही उघडायची गरज नाही. प्रिसिजनसारख्या बासवर साधारण १० ते ११ किलो-ओहम दिसले तर पिकअप शाबूत आहे. दोष सोल्डरमध्ये, जॅकमध्ये किंवा तुमच्या अ‍ॅम्पच्या केबलमध्ये शोधा. आकडा २५०च्या आसपास दिसला तर मीटर पिकअप मोजतच नाहीये, तो फक्त २५० किलो-ओहमचा पॉट मोजतोय. म्हणजे पिकअपची वाट कुठेतरी तुटली आहे.

जॅझ बासवर (फेंडरचाच, दोन पिकअपांचा) दोन्ही आवाजाचे नॉब पूर्ण उघडे ठेवून मोजलं आणि साडेतीनच्या आसपास आकडा आला की लोक घाबरतात. घाबरू नका. साडेसात-साडेसातचे दोन पिकअप समांतर जोडले की इतकंच दिसणार. एकेक नॉब बंद करूनही मोजून बघा, कारण जॅझ बासमध्ये एक नॉब पूर्ण बंद केला तरी दुसऱ्या पिकअपचा आवाज चालू राहतो. खात्री हवी तर पिकअपची एक वायर सोडवून तो एकटा मोजा.

तुटलेली गुंडाळी नेहमी मुकी होत नाही, हे लक्षात ठेवा. पुष्कळदा आवाज येतो, पण पातळ, चिरका, शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. लोक टोनचा कॅपॅसिटर बदलतात, तारा बदलतात, अ‍ॅम्पला शिव्या देतात.

आता तुटलं कुठे? १९५७ नंतरच्या प्रिसिजनमध्ये दोन गुंडाळ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. एक तुटली की दोन्ही गप्प. दोघी वेगवेगळ्या मोजल्यात की बहुतेक वेळा एक धडधाकट निघते. दुसरीची तार ४२ गेजची, म्हणजे मिलिमीटरच्या पंधराव्या-सोळाव्या भागाएवढी. भिंगाखाली आधी बाहेरचं टोक बघा, जिथे ती तार छोट्या धातूच्या कडीला सोल्डर केलेली असते. तिथे तुटली असेल तर एक फेरा उलगडून, टोकावरचा लेप हलकेच खरवडून पुन्हा जोडता येते. हे काम सकाळी, चहा प्यायच्या आधी करावं. हात थरथरत नाही.

तुटका भाग आत, चुंबकाला लागून असेल तर घरी होणार नाही. जुन्या फेंडर पिकअपांत तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते, मध्ये फक्त लाखेचा लेप. दमटपणाने चुंबक गंजला की लेप फुटतो आणि तांब्याला हिरवा गंज लागतो. म्हणूनच पिकअपचे चुंबक वर-खाली ढकलून उंची जुळवणं ही भयंकर चूक आहे. आतले फेरे तिथल्या तिथे कापले जातात. अशी गुंडाळी जाणकाराकडून पुन्हा भरून घ्या. तळपाट, चुंबक आणि वायर मूळचेच राहतात. ‘तसाच’ नवा पिकअप मिळवायला जाणारा वेळ पाहता हे सोपं पडतं.

पॉट खरखरतो एवढ्यावरून तोही काढू नका. संपर्क साफ करायच्या द्रावणाचे दोन थेंब मागच्या फटीतून सोडा आणि पंचवीस-तीस वेळा फिरवा. दाराच्या बिजागरीचं तेल नको. शिवाय पॉटच्या पाठीवरचा आकडा वाचून घ्या. १३७६६३३ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ६६ साल, ३३वा आठवडा. ३०४ने सुरू होणारे स्टॅकपोलचे. सोल्डर न हललेला असा पॉट म्हणजे तुमच्या बासचा जन्मदाखलाच. फक्त तो जन्मतारीख सांगत नाही. त्याआधी हा बास तयार झालेला नाही, एवढंच सांगतो.

गुणगुण येत असेल आणि तारांना हात लावल्यावर ती कमी होत नसेल, तर ब्रिजखालची अर्थिंगची वायर किंवा पत्री तपासा. ब्रिज उचलून ती घासली की बहुधा काम होतं. हात लावल्यावर वाढत असेल तर जॅकच्या दोन वायरी उलट लागल्यात का बघा.

नेकची घाई

वर्षानुवर्षं तारांशिवाय पडलेल्या नेकचा (वाद्याच्या मानेचा) पहिल्या दिवशीचा वाक हा त्याचा खरा वाक नाही. तारा चढवा, सुरात आणा, आठवडाभर थांबा. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट (नेकवरची आडवी धातूची पट्टी) दाबून सातव्याजवळ तार आणि फ्रेट यांत किती फट आहे ते मोजा; ०.३ ते ०.५ मिमी ठीक. ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली वाक सावरणारी धातूची सळई, पाव वेढ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवू नका, आणि घट्ट करण्याआधी तारा सैल करा. जुन्या फेंडरवर त्याचं नट नेकच्या बुडाशी असतं, म्हणजे दर वेळी नेक काढावा लागतो. कंटाळवाणं आहे. म्हणूनच लोक एकदाच जोरात फिरवून टाकतात आणि रॉड तुटतो. जुन्या रिकनबॅकर ४००१ बासला दोन रॉड असतात आणि त्यांची रीत उलटी: नेक आधी हाताने हव्या त्या वाकात धरायचा, मग नट नुसतं टेकवायचं. नटाच्या जोरावर नेक ओढायला गेलात तर फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवर चिकटवलेली वरची फळी, उचकटतो.

नेक परत लावताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो ‘टक्’ करून बसला की मग सुलट.

तारा, लाख आणि कागदपत्रं

पूर्ण मापाचा बास ३४ इंची, आखूड मापाचे ३० किंवा साडेतीस इंची. आखूड बासवर लांब तारा कापून लावल्या की जाड वेढा खुंटीवर येतो आणि तार तिथेच सुटते. शिवाय जाड तार खुंटीत घालण्याआधी टोक काटकोनात वाकवा, मग कापा. नाहीतर काही तारांचे वेढे सैल पडतात आणि सूर मेलेला येतो.

नायट्रोसेल्युलोज लाखेचा बास रबरी किंवा व्हिनिलच्या पॅडवर ठेवू नका, लाख मऊ होऊन चिकटते. सेल्युलॉइडचं जुनं पिकगार्ड आक्रसतं, स्क्रूची भोकं जुळेनाशी होतात. ते ओढून बसवलं की चिरलंच. आणि त्याला हीटगन अजिबात दाखवू नका, भडकन पेटतं.

दुसऱ्या देशातून जुना नेक मागवणार असाल तर फिंगरबोर्ड कशाचा आहे ते आधी विचारा. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासून दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या साइट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. २०१९ मध्ये इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना आणि भागांना सवलत मिळाली, याला मिळाली नाही. कागदांशिवाय आलेला नेक जप्त होऊ शकतो.

माझ्या त्या सोळा भोकांत आता मेपलच्या बारीक काड्या सरसासह बसवल्या आहेत. मोठ्या केलेल्या चार भोकांत मेपलचे गोल गट्टू घालून त्यात मूळ मापाची भोकं पुन्हा पाडली. जुन्या खुंट्या परत चढल्या. मागून पाहिलं तर गोल ठिपके स्पष्ट दिसतात.