गच्चीत फुल कांड्या, बेडरूममध्ये नॉट रीचेबल: घरातल्या रेंजबाबत या चुका टाळा

मोबाइल कंपनीच्या रेंजच्या नकाशावर आपली सोसायटी व्यवस्थित रंगवलेली असते, आणि तरी कुरिअरवाल्याचा फोन घ्यायला गॅलरीत पळावं लागतं. यात कंपनी खोटंच बोलते असं नाही, निदान दर वेळी तरी नाही. तो रंग म्हणजे उघड्यावर काय मिळेल याचा अंदाज असतो. तुमच्या घराच्या भिंती, काचा आणि पत्रे त्या हिशेबात नसतात. आपण मात्र रिचार्ज करताना धरूनच चालतो की नाक्यावरची रेंज न्हाणीघरापर्यंत येणार. मग ती आली नाही की चिडचिड होते, आणि त्या चिडचिडीत पैसे भलत्याच ठिकाणी जातात.

कांड्या मोजत बसू नका

किती सिग्नलला किती कांड्या दाखवायच्या याचा नियम नाही. फोन बनवणारी प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. त्यामुळे ‘तुझ्या फोनला चार, माझ्या फोनला दोन’ या तुलनेला काडीचा अर्थ नाही. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो आणि तो फोनमध्येच सापडतो. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’, त्यात ‘सिम स्टेटस’ उघडलं की ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’ दिसते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केलं की चाचणीचा पडदा उघडतो.

हा आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर उणे ८५ म्हणजे मजा आहे. उणे १०० ला काम चालतं. उणे ११० च्या पुढे आवाज तुटायला लागतो आणि उणे १२० ला फोन जवळपास हात टेकतो. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा: दहाचा फरक म्हणजे सिग्नल दहापट कमी, आणि वीसचा म्हणजे शंभरपट. गॅलरीत उणे ८४ असेल, हॉलमध्ये ९६ आणि बेडरूमच्या पॅसेजमध्ये ११३, तर पॅसेजपर्यंत पोचताना सिग्नल जवळपास आठशे पटींनी कमी झाला असं समजा. एकदा अशी घरभर चक्कर मारा, प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा आणि आकडे कागदावर लिहा. हा कागद पुढे तक्रारीलाही लागतो.

या चकरेतून सगळ्यात महत्त्वाचं कळतं ते म्हणजे दोष कोणाचा. गेटबाहेर रस्त्यावरसुद्धा ११० असेल तर टॉवर लांब आहे किंवा आडोसा आहे, आणि ते काम कंपनीचं. रस्त्यावर ८०, घरात ११२ असेल तर सिग्नल तुमचं घर खातंय. मग कस्टमर केअरला शिव्या घालून हाती काही लागत नाही.

घर काय काय खातं, हे न बघणं

जुन्या वाड्यात किंवा विटांच्या चाळीत रेंज येते आणि शेजारच्या नव्या टॉवरमध्ये येत नाही, याचं लोकांना नवल वाटतं. त्यात नवल नाही. पुण्या-ठाण्याकडच्या बऱ्याच नव्या इमारती मायवान पद्धतीने उभ्या राहतात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीट ओतून. साचा काढून नेतात, भिंतीत ॲल्युमिनियम राहत नाही. पण विटेची म्हणून भिंत उरत नाही. आतल्या खोल्यांच्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या आरसीसीच्या असतात, आणि अशी एकेक भिंत दहा-वीस डेसिबल, म्हणजे आपल्या त्या आकड्यातले दहा-वीस, सहज गिळते. दोन भिंती ओलांडल्या की खेळ खलास.

काचेकडे तर कोणी बघतच नाही. ऊन अडवणारी, बाहेरून आरशासारखी दिसणारी काच असते, तिच्यावर धातूचा अगदी पातळ थर असतो. उष्णता परतवणारा तोच थर मोबाइलच्या लहरीही परतवतो. अशा फ्लॅटमध्ये खिडकी सरकवली की आकडा पंधरा-वीसने सुधारलेला बघायला मिळतो. गावाकडे पत्र्याचं छप्पर आणि त्याखाली उष्णतेसाठी लावलेली चंदेरी फॉइल हाच प्रकार करते. कोकणात जांभ्याच्या जाड, पावसाने भिजलेल्या भिंती आणि चारी बाजूंनी ओली झाडी. पाऊस स्वतः या लहरींना फारसा अडवत नाही. पावसाळ्यात रेंज जाते ती बहुतेक वेळा लाइट गेल्यावर टॉवरची बॅटरी संपते म्हणून, किंवा टॉवर-टॉवरमधल्या मायक्रोवेव्ह जोडणीला मुसळधार पावसाचा फटका बसतो म्हणून.

आणखी एक उलटा प्रकार आहे. पंचविसाव्या मजल्यावर कांड्या पूर्ण, समोर अख्खं शहर दिसतंय, पण कॉलला आवाज रोबोसारखा. टॉवरचे अँटेना रस्त्याच्या दिशेने किंचित खाली झुकवलेले असतात. इतक्या उंचीवर एकाचा नीट सिग्नल न मिळता दहा टॉवरचा गोंगाट मिळतो. इथे कमी पडते ती ताकद नव्हे, स्वच्छता. अशा घरात गॅलरीत गेल्याने आवाज आणखी बिघडू शकतो. दोन पावलं आत, एका भिंतीच्या आडोशाला उभं राहून बघा.

‘मला तुझं ऐकू येतंय, तुला माझं येत नाहीये का?’ हा संवाद रोजचा आहे. टॉवर कित्येक वॅटने बोलतो, आपला फोन जास्तीत जास्त सुमारे पाव वॅटने. येणारा सिग्नल भिंत फोडून आत येतो, जाणाऱ्याची तेवढी ताकद नसते. कमी रेंजच्या खोलीत फोन तापतो आणि बॅटरी दुपारीच संपते, तेही यामुळेच. फोन पूर्ण जोर लावून ओरडत असतो.

५जी दिसतंय म्हणून तिथेच अडून राहणं

१ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जी सुरू झालं. त्यातला बराचसा भाग ३३०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. वेग झकास, पण भिंत भेदायची ताकद बेताची. त्यामानाने ८५०-९०० मेगाहर्ट्झच्या लहरी घरात खूप आत शिरतात. आजोबांचा बटणांचा फोन देवघरात बसून वाजतो आणि नातवाचा पन्नास हजारांचा फोन तिथे मुका होतो, त्यामागे हेच कारण असतं: आजोबांचा फोन ९०० वरच्या २जीवर असतो.

घराच्या आत फोन सतत ५जी-४जी अशा उड्या मारत असेल तर नेटवर्क मोड ४जीवर ठेवा. कॉल टिकतील, बॅटरीही वाचेल. जिओ वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यायचं की त्यांच्याकडे २जी-३जी नाहीच. ४जी हातचं गेलं की टेकायला खाली पायरी नाही. त्या फोनवर व्होल्टे, म्हणजे ४जीवरून कॉल करायची सोय, बंद राहिलं असेल तर साधा कॉलही होणार नाही, तेवढं आधी तपासा.

रागाच्या भरात पोर्ट करणं

‘बास झालं, बदलतो कंपनी.’ बदला, पण आधी पाहुण्यांचे फोन वापरा. दिवाळीत चार नातेवाईक जमतात, चौघांच्या चार कंपन्या असतात. प्रत्येकाला त्याच आतल्या बेडरूममध्ये, दार लावून, आकडा बघायला सांगा. पाहुणे येईपर्यंत धीर नसेल तर दुसऱ्या कंपनीचं साधं प्रीपेड सिम महिनाभर दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा. नंबर पोर्ट केला की पुढचे ९० दिवस परत हलता येत नाही. पोर्टिंगसाठी १९०० वर एसएमएस करून कोड मागवायचा, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं, ही ९० दिवसांची अट मात्र आठवत नाही.

मुंबईत राहून गावच्या घरासाठी सिम घेणाऱ्यांची वेगळीच गंमत. मुंबई हे मोबाइल सेवेचं स्वतंत्र सर्कल, म्हणजे विभाग, आहे आणि उरलेला महाराष्ट्र व गोवा मिळून दुसरं. एका सर्कलमध्ये जी कंपनी राजा असते ती दुसऱ्यात तशी असेलच असं नाही. गावच्या घरासाठी गावच्या वाण्याला विचारा, मुंबईतल्या दुकानदाराला नको.

ऑनलाइन मिळतो तो बूस्टर घेणं

ही चूक महागात पडते. छतावर एक अँटेना, घरात दुसरी, मधे एक डबी, ‘रेंज गॅरंटी’. भारतात खासगी व्यक्तीने परवानगीशिवाय मोबाइल सिग्नल बूस्टर किंवा रिपीटर लावणं बेकायदा आहे. विकत घेतलेला घरात ठेवला तरी अडचणीत याल, आणि दूरसंचार खात्याची माणसं शोधायला येतात. केवळ कायद्याचा मुद्दा असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण हा डबा टॉवरच्या कानात सतत खरखर ओततो. त्याच्या दोन अँटेना एकमेकींचं ऐकू लागल्या की लाउडस्पीकरजवळ माइक नेल्यासारखी शिट्टी सुरू होते, फक्त ती आपल्याला ऐकू येत नाही. ती अख्ख्या गल्लीला भोगावी लागते. तुमच्याकडे अचानक रेंज बिघडली आणि कारण सापडत नसेल, तर शेजारच्या गच्चीवर नवीन काही उगवलंय का बघा. फोनला चिकटवायचे ‘सिग्नल वाढवणारे’ सोनेरी स्टिकर हा तर निव्वळ विनोद आहे.

वायफाय कॉलिंग असूनही न वापरणं

माझं मत विचाराल तर ज्याच्या घरी ब्रॉडबँड आहे त्याने भिंतींशी भांडण सोडून द्यावं. २०१९-२० पासून आपल्याकडे वायफाय कॉलिंग आहे. कॉल नेहमीच्याच नंबरवरून, नेहमीच्याच डायलरमधून होतो, जातो फक्त घरच्या वायफायवरून. वेगळे पैसे लागत नाहीत, समोरच्याला काही करावं लागत नाही. व्हॉट्सॲप कॉलवर भागतं असं म्हणणाऱ्यांना बँकेचा किंवा दवाखान्याचा फोन आला की फरक कळतो.

इथेही लोक अडखळतात. सेटिंग सिमगणिक वेगळं असतं. पहिल्याचं चालू, दुसऱ्याचं बंद, असं सर्रास दिसतं. शिवाय मरतुकडा का होईना सिग्नल मिळत असेल तर काही फोन त्यालाच चिकटून बसतात. फोन विमान मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करा आणि कॉल लावून बघा. लागला, तर व्यवस्था ठीक आहे, फोनला फक्त पसंती बदलून द्यायची आहे: वायफाय कॉलिंगच्या सेटिंगमध्ये ‘वायफायला प्राधान्य’ असा पर्याय असतो. ओटीपी येतो का तेही तिथेच तपासून घ्या. आणि राउटर टीव्हीमागच्या कपाटात कोंबलेला असेल तर पॅसेजमध्ये वायफायचीही तीच गत होणार. लाइट गेल्यावर राउटर बंद, म्हणजे फोनही बंद. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस गावच्या घरात तरी घ्याच.

‘नेटवर्क नाही’ एवढीच तक्रार करणं

या तक्रारीला ठरलेलं उत्तर आहे: ‘सर, तुमच्या एरियात नेटवर्क ओके दाखवतंय, फोन रीस्टार्ट करून बघा.’ त्याऐवजी पिनकोड, इमारत, मजला, कोणत्या वेळेला, रस्त्यावर किती डीबीएम आणि आत किती, एवढं सांगा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्रं पाठवून वेळ घालवू नका. ग्राहक मंचाचा रस्ता मोकळा आहे. मोबाइल सेवेच्या तक्रारी तिथे चालतात हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं.

टॉवर नको, रेंज हवी

सोसायटीच्या सभेत टॉवरला विरोध करणारे आणि रेंज नाही म्हणून ओरडणारे बहुतेक वेळा तेच सभासद असतात. भीती समजू शकते. पण २०१२ मध्ये आपल्याकडे टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा आंतरराष्ट्रीय शिफारशीच्या एक दशांशावर आणली गेली. सरकारच्या तरंग संचार पोर्टलवर आसपासचे टॉवर बघता येतात आणि शुल्क भरून घरी मोजणीही करून घेता येते. टॉवर लांब गेला की फोनला जास्त जोर लावावा लागतो, आणि तो फोन आपल्या कानाला असतो, हेही सभेत कोणीतरी मांडायला हवं. गच्चीवर टॉवर नकोच असेल तर इमारतीच्या आत मजल्यामजल्यावर छोटे अँटेना बसवण्याची व्यवस्था कंपन्या करतात. त्यासाठी एकट्याने नाही, सोसायटीच्या लेटरहेडवर मागणी करा, आणि एकाच कंपनीला आत घेऊन बाकीच्यांना दार बंद करू नका.

फ्लॅट बघताना फोन खिशात ठेवणं

पार्किंग, पाणी, वास्तू सगळं विचारतात, रेंज कोणी बघत नाही. ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाइल-इंटरनेट जोडणी कशी आहे यावरून इमारतींना स्टार रेटिंग देण्याचे नियम आणले, तेव्हा बिल्डरला विचारायला हरकत नाही. मात्र सॅम्पल फ्लॅटमधला आकडा धरू नका, तो बऱ्याचदा खालीच, वेगळ्या बांधणीत असतो. टोकन देण्याआधी आपल्याच मजल्यावर, आपल्याच विंगमध्ये जा, खिडक्या लावा, सगळ्यात आतल्या खोलीचं दार ओढून घ्या आणि तिथून कोणाला तरी दोन मिनिटं फोन करा. लिफ्टच्या भिंतीला लागून असलेली खोली असेल तर ती आधी बघा.