एचयूडी नीट दिसत नाही? आधी खुर्ची बघा: कॉकपिटमधल्या या चुका टाळा

एचयूडी म्हणजे हेड-अप डिस्प्ले, उडताना लागणारे आकडे आणि खुणा वैमानिकाच्या डोळ्यांसमोरच्या काचेवर दाखवणारं यंत्र. नव्याने बोइंग 787 वर आलेल्या वैमानिकाची पहिली तक्रार बहुधा तो नीट दिसत नाही हीच असते. आकडे अर्धवट दिसतात, डावी कड कापली जाते, मान जरा हलली की सगळं गायब. मग ब्राइटनेस वाढवून बघायचा, काच वर करून पुन्हा खाली घ्यायची, डोळे चोळायचे. हेड-अप डिस्प्ले ठणठणीत असतो. चुकलेली असते ती खुर्ची.

डोक्यावरच्या छतात बसवलेला प्रोजेक्टर डोळ्यांसमोरच्या काचेवर, म्हणजे काँबायनरवर, हिरवं चित्र टाकतो. भिंगांची रचना अशी की किरण डोळ्यांपर्यंत समांतर येतात. त्यामुळे वेग, उंची, क्षितिजरेषा हे सगळं काचेवर नाही, तर पार लांब, धावपट्टीच्याही पलीकडे असल्यासारखं दिसतं, आणि नजर सारखी जवळ-लांब करावी लागत नाही. या सोयीची किंमत एकच: पूर्ण चित्र एका छोट्या जागेतूनच दिसतं. ती जागा जेमतेम काही इंचांची. डोळे तिच्या बाहेर गेले की चित्र फिकं होत नाही, सरळ कापलं जातं.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी खुर्ची, मग काच, मग ब्राइटनेस. एअरबसमध्ये मधल्या खांबावर लाल-पांढरे छोटे गोळे असतात. तुमच्या बाजूने पांढऱ्या गोळ्यामागे लाल गोळा लपला की डोळे योग्य जागी आले. ज्यांना खाली रेलून बसायची सवय आहे त्यांना ही जागा सुरुवातीला फार उंच वाटते. वाटू द्या. खुर्ची लागली की काँबायनर पूर्ण खाली, जागेवर अडकेपर्यंत घ्यायचा. डोकं आपटलं तर इजा होऊ नये म्हणून ही काच पुढे ढकलली जाईल अशीच बसवलेली असते, त्यामुळे येता-जाता कोपर लागूनही ती जागेवरून हलते. बोइंग 737 वर असं झालं की काच जुळवून घ्या असा संदेश त्या चित्रातच येतो. तो वाचायचा सोडून लोक प्रोजेक्टरला दोष देतात.

आणखी दोन सवयी घातक. क्रूझमध्ये, म्हणजे उंचीवरच्या सरळ उड्डाणात, पाय मोकळे करायला खुर्ची मागे घेतली आणि उतरायला लागण्याआधी पुन्हा पुढे घ्यायचं राहून गेलं. हे 2,000 फुटांवर लक्षात आलं तर हातात विमान असताना खुर्चीशी झटापट करू नका. नियंत्रण सहकाऱ्याकडे द्या, किंवा काच वर करून खालच्या पॅनलवरचे पडदे बघून उडवा. दुसरी सवय म्हणजे धुक्यातून दिवे दिसतात का हे बघायला शेवटच्या क्षणी पुढे वाकणं. वाकलात की डोळे त्या जागेच्या बाहेर, आणि नेमकं हवं तेव्हा समोर नुसती काच.

ब्राइटनेसचं थोडक्यात. ऑटोवर ठेवलं तर बाहेरच्या उजेडाप्रमाणे चित्र कमी-जास्त होतं आणि बहुतेक वेळा ते पुरतं. गडबड होते ती पांढऱ्याशुभ्र ढगात कुणी हाताने ब्राइटनेस चढवून ठेवतो तेव्हा. ढगाखाली अंधार असतो, आणि हिरव्या रेघांच्या झगमगाटात धावपट्टीचे मंद दिवे बुडून जातात. रात्री चित्र जेवढ्यास तेवढं वाचता येईल इतकंच ठेवा. पोलराइज्ड गॉगल तर कॉकपिटमध्ये नकोच. पुढची काच आणि एलसीडी पडदे दोन्हीकडे तो त्रास देतो. काँबायनर पुसायला शर्टाची बाही किंवा टिश्यू वापरणाऱ्यांविषयी काय बोलावं! त्या काचेवर लेप असतो, ओरखडा पडला की तो कायमचा. कंपनीने दिलेलं कापड आणि द्रव, एवढंच वापरायचं.

आता खरा मुद्दा, फ्लाइट पाथ व्हेक्टर. दोन्ही बाजूंना पंखासारख्या रेषा असलेलं हे छोटं वर्तुळ विमान कुठे चाललं आहे ते दाखवतं, नाक कुठे आहे ते नव्हे. उतरताना नाक क्षितिजाच्या दोन-तीन अंश वर आणि वर्तुळ तीन अंश खाली, हे अगदी रोजचं दृश्य आहे. नवशिके वर्तुळ टचडाऊनच्या, म्हणजे चाकं टेकवायच्या, जागेवर ठेवतात आणि निर्धास्त होतात. चूक इथेच होते. वर्तुळ टचडाऊनवर आहे याचा अर्थ तुम्ही तिथे पोहोचाल, एवढाच. किती उतारावरून पोहोचाल हे ते सांगत नाही.

त्यासाठी क्षितिजाखाली तीन अंशांवर काढलेली तुटक रेषा बघायची. ती टचडाऊनच्या जागेवरून जात असेल तर तुम्ही बरोबर उतारावर आहात. ती अलीकडे, धावपट्टीच्या आधीच्या जमिनीवर पडत असेल तर तुम्ही खाली आहात. पलीकडे पडत असेल तर वर. आधी रेषा जागेवर आणा, मग वर्तुळ तिच्यावर ठेवा. आयएलएस, म्हणजे उतरताना रेडिओ-संकेतांनी वाट दाखवणारी यंत्रणा, बंद असलेल्या धावपट्टीवर ही जोडी सोन्यासारखी आहे. फक्त एक लक्षात ठेवा: ती रेषा धावपट्टी ओळखत नाही. 737 वर उताराचा कोन आणि धावपट्टीची माहिती पॅनलवर भरावी लागते. मागच्या विमानतळाचा आकडा तसाच राहिला तर रेषा दिसायला सुबकच दिसते, पण चुकीच्या जागी असते.

आडवा वारा असला की वर्तुळ बाजूला सरकतं. वेग 140 नॉट आणि आडवा वारा 30 नॉट असेल तर नाक साधारण 12 अंश वाऱ्याकडे वळवावं लागतं. चित्राची रुंदी सुमारे 30 अंश, म्हणजे मध्यापासून एका बाजूला 15. वर्तुळ जवळजवळ कडेला टेकतं. वारा याहून जास्त असेल तर ते कडेलाच थांबतं, आणि तेव्हा ते बाहेरच्या दृश्याशी जुळत नाही. तसं झालं की त्यावर निशाणा धरायचा नाही. धावपट्टी मात्र खऱ्या जागी, कडेच्या खिडकीजवळ दिसत असते, तिकडे बघा.

वर्तुळाच्या डाव्या पंखाजवळच्या दोन खुणांची गल्लत तर नेहमीची. एक पट्टी ठरवलेल्या वेगापेक्षा तुम्ही वर आहात की खाली ते दाखवते. दुसरी खूण, बाणाच्या टोकासारखी, वेग वाढतो आहे की घटतो आहे ते दाखवते. समजा पट्टी पंखाच्या खाली आहे आणि बाण पंखाच्या वर आहे. म्हणजे वेग कमी आहे, पण वाढतो आहे. इथे पट्टीकडे बघून आणखी थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा जोर, दिला की थोड्या वेळात वेग ओसंडतो, मग थ्रस्ट मागे, मग पुन्हा पुढे. थ्रस्ट बाणाकडे बघून द्यायचा आणि पट्टीकडे बघून पडताळायचा.

हातातली थरथर हा याचाच भाऊ. खालच्या पडद्यावर एक अंश म्हणजे छोटीशी सरक. एचयूडीवर एक अंश हा बाहेरच्या जगातला खराखुरा एक अंश असतो, त्यामुळे प्रत्येक हेलकावा मोठा भासतो. वैमानिक त्याच्या मागे धावतो आणि योक, म्हणजे हातातला नियंत्रण-दांडा, सारखा मागेपुढे होतो. खडबडीत हवेत वर्तुळ सरासरीने जागेवर असलं तर पुरे.

क्षितिजाबद्दलची तक्रारही ठरलेली: "35,000 फुटांवर एचयूडीची रेषा खऱ्या क्षितिजाच्या वर दिसते, म्हणजे यंत्र चुकलं." यंत्र बरोबर आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे त्या उंचीवरून दिसणारं क्षितिज खऱ्या आडव्या पातळीपेक्षा सुमारे तीन अंश खाली असतं. जसजसे खाली याल तसतसं अंतर मिटतं. जमिनीजवळ ते उरलं तर मात्र नक्की कळवा. या रेषेचा एक उपयोग फार कमी जण करतात: समोरचं डोंगराचं टोक रेषेच्या वर असेल तर ते तुमच्यापेक्षा उंच आहे.

सगळ्यात अवघड चूक डोळ्यांची नसून लक्षाची आहे. 1980 मध्ये नासाच्या एम्स केंद्राने एअरलाइनच्या वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये बसवून धावपट्टीवर अचानक दुसरं विमान आणून ठेवलं. एचयूडी वापरणाऱ्यांपैकी काहींना ते दिसलंच नाही. नजर समोरच होती, मन मात्र हिरव्या आकड्यांत अडकलं होतं. चित्र आणि धावपट्टी दोन्ही एकाच अंतरावर दिसतात म्हणून दोन्हींकडे लक्ष जातं, हा समज या प्रयोगाने खोटा ठरवला. सरळ उपाय म्हणजे डीक्लटर बटण. धावपट्टी दिसली की नको ते आकडे घालवा. ते बटण दाबायला संकोच करणारे बरेच असतात; माझ्या मते त्या काचेतलं सगळ्यात कमी वापरलेलं चांगलं बटण तेच आहे.

त्याच ओघात: एचयूडी एकरंगी आहे. खाली लाल किंवा पिवळं होणारं इथे हिरवंच राहतं, फक्त चौकटीत येतं किंवा लुकलुकतं. हवामान रडारचं रंगीत चित्रही इथे नसतं. 787 वर दोन्ही बाजूंना एचयूडी असतो, म्हणून दोघेही वरच बघत बसले तर खाली बघायला कुणी उरत नाही. कोण कधी खाली बघणार हे ब्रीफिंगमध्ये, म्हणजे आधीच्या चर्चेतच, ठरवा. शिवाय वेगाचा आकडा वर आणि खाली जुळला म्हणून तो बरोबर, असं समजू नका; दोन्हींची माहिती एकाच उगमातून येते. शंका आली तर दुसऱ्या बाजूच्या आणि स्टँडबाय, म्हणजे राखीव, उपकरणाशी ताडून बघा.

आणि धुकं. जानेवारीत दिल्लीची विमानं खोळंबली की "एचयूडी असून उतरत का नाही?" असा प्रश्न हमखास येतो. नुसत्या एचयूडीला धुक्यातून काहीही दिसत नाही. 737 वर तो इतकी अचूक दिशा दाखवतो की कॅप्टन 50 फुटांच्या निर्णय-उंचीपर्यंत (उतरायचं की पुन्हा वर जायचं हे ठरवायची उंची) हाताने विमान आणू शकतो, तेही धावपट्टीवरची दृश्यता किमान 200 मीटर असली तर, आणि विमान, वैमानिक व विमानतळ तिघांनाही परवानगी असली तर. धुक्यातून बघायला वेगळा इन्फ्रारेड कॅमेरा लागतो. तो दिव्यांची उष्णता टिपतो. म्हणून जुने दिवे काढून एलईडी लावलेल्या धावपट्टीवर कॅमेऱ्यात दिवे दिसेनासे झाले तर कॅमेरा दुरुस्तीला पाठवायच्या आधी खाली दिवे कोणते आहेत ते विचारा.