शाखा जोडायच्यात? कोटेशन मागवायच्या आधी एवढं बघून ठेवा

पतसंस्था असो नाहीतर नागरी बँक, हेड ऑफिस साताऱ्यात आणि शाखा कराड, पाटण, मेढा अशा पसरलेल्या असल्या की मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, एमपीएलएस (टेलिकॉम कंपनीच्या खासगी नेटवर्कवरून शाखा जोडणारी लाइन) घेऊन टाकू. थांबा जरा. आधी कुठलं सॉफ्टवेअर हेड ऑफिसच्या सर्व्हरवर चालतं आणि कुठलं क्लाउडवर ते शाखेगणिक लिहून काढा, कारण कोअर बँकिंगच्या एंट्र्यांना फार बँडविड्थ लागत नाही, लाइन खातात ते सीसीटीव्ही आणि विंडोजचे अपडेट. बहुतेक सगळं क्लाउडवरच असेल तर ट्रॅफिक हेड ऑफिसला फिरवून आणण्यात काय अर्थ, तिथे फायबर ब्रॉडबँड आणि वर एसडी-वॅन (साध्या इंटरनेट लाइनींवरून शाखा जोडून ट्रॅफिक सांभाळणारी यंत्रणा) पुरतं. आणि हो, एमपीएलएस प्रायव्हेट असतं, एन्क्रिप्टेड (डेटा सांकेतिक करून पाठवणारं) नसतं, एन्क्रिप्शन वेगळं करावं लागतं.

शाखांचे आयपी तपासा. राउटर खोक्यातून काढून तसाच लावलेला, सगळीकडे तीच 192.168.1.0 रेंज, मग व्हीपीएन (इंटरनेटवरून शाखा जोडणारी सुरक्षित वाट) जोडताना पत्ते एकमेकांवर आदळतात आणि बोंबाबोंब.

आता लास्ट माइल, म्हणजे कंपनीच्या जवळच्या केंद्रापासून शाखेपर्यंतचा शेवटचा टप्पा, खरी गोम इथेच आहे. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या म्हणून निश्चिंत होऊ नका, स्वतः रस्त्यावर जाऊन केबल कुठून येते ते बघा, दोन्ही एकाच डक्टमधून (जमिनीखालच्या केबलच्या नळीतून) येत असतील तर रुंदीकरणाचा जेसीबी आला की दोन्ही एकदम जाणार. दुसरी लाइन 4जी नाहीतर आरएफ (रेडिओ लिंक) ठेवा. 4जी सिमला बहुधा पब्लिक आयपी (बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता) मिळत नाही, म्हणून स्टॅटिक (न बदलणारा) आयपी हेड ऑफिसला घ्या आणि टनेल (व्हीपीएनची जोडणी) शाखेकडून सुरू होऊ द्या. फिजिबिलिटी (तिथे लाइन देता येईल की नाही ते) लेखी मागा, फोनवरचं "होऊन जाईल सर" धरू नका. व्हीसॅट (डिश लावून घेतलेली उपग्रहाची लाइन) अगदीच काही पोचत नसेल तिथे, उपग्रह 36 हजार किमी वर, जाऊन-येऊन 600 मिलिसेकंद तरी धरा, स्क्रीन रेंगाळते.

एसएलएमध्ये (सेवेच्या हमीच्या करारात) लाइन 99.5% चालू असं वाचून खूश होऊ नका, हिशोब महिन्याचा की वर्षाचा ते विचारा. महिन्याला साडेतीन तासांच्या आसपास बंद, पण वर्षाचा हिशोब असेल तर सलग दीड दिवस लाइन मेली तरी कंपनी नियमातच.

पीसी यूपीएसवर आणि भिंतीवरचा फायबरचा डबा साध्या प्लगवर, म्हणजे वीज गेली की लाइनही गेली, हे तर हमखास सापडतं. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) 2022 च्या आदेशाप्रमाणे लॉग (यंत्रणांच्या कामाच्या आपोआप होणाऱ्या नोंदी) 180 दिवस ठेवायचेत, त्याचं स्टोरेज बजेटमध्ये धरा.

सही करण्याआधी सगळ्यात त्रासदायक शाखेत ट्रायल घ्या, तीही महिनाअखेरीच्या गर्दीत, मेन लाइन स्वतः उपटा आणि चालू एंट्री पुढे गेली की लटकली ते कॅशियरला विचारा.