सिम्युलेशनमध्ये चालतं, बोर्डवर का नाही? या चुका टाळा

नाशिकमध्ये डिप्लोमाच्या मुलांना बेसिक इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना मी पहिल्या आठवड्यापासून सिम्युलेटर, म्हणजे संगणकावर सर्किट चालवून बघायचं सॉफ्टवेअर, वापरतो. हे साधन मला मनापासून आवडतं. म्हणूनच दर बॅचला त्याच चुका दिसल्या की जीव तुटतो.

सगळ्यात महागात पडते ती उष्णता विसरण्याची चूक. निफाडकडच्या एका विद्यार्थ्याने द्राक्षबागेच्या ठिबकसाठी चार व्हॉल्व्ह चालवणारं सर्किट केलं होतं. १२ व्होल्टचा अडॅप्टर, पुढे ७८०५ (५ व्होल्ट स्थिर देणारा आयसी), त्यावर ५ व्होल्टचे चार रिले (कॉइलमधल्या करंटने चालणारे स्विच). लॅपटॉपवर सगळं बिनचूक. एप्रिलमध्ये बोर्डवर जोडलं, तर काही मिनिटांत चारही रिले टक् करून पडायचे, थोड्या वेळाने आपोआप लागायचे, पुन्हा पडायचे. पोरगा दोन दिवस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसला. मी ७८०५ जवळ बोट नेलं, तर न टेकवताच धग लागली.

मग वहीत हिशेब मांडला. एक कॉइल साधारण ७० ओहमची, म्हणजे ७१ मिलिअँपिअर. चार रिलेंचे मिळून २८५. ७८०५ वर पडतात १२ वजा ५, म्हणजे ७ व्होल्ट. झाली २ वॅट नुसती उष्णता. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल तर हा आयसी दर वॅटला साधारण ६५ अंशांनी तापतो. १३० अंश, वर खोलीचे ३५. आतलं तापमान दीडशेच्या वर गेलं की तो स्वतःच बंद होतो, निवला की परत सुरू होतो. त्या पोराच्या सिम्युलेशनमधला ७८०५ मात्र कधी तापलाच नव्हता. आम्ही १२ व्होल्टचे रिले आणून थेट अडॅप्टरवर घेतले आणि ७८०५ फक्त मायक्रोकंट्रोलरला ठेवला. तेव्हापासून माझ्या वर्गात आधी वहीत प्रत्येक भागाचे व्होल्ट, करंट आणि वॅट पेनने लिहायचे, मगच माऊसला हात लावायचा.

दुसरी चूक एलटीस्पाइसमधली, म्हणजे स्पाइस या जुन्या प्रोग्रामवर बेतलेल्या सिम्युलेटरमधली. मेगाओहम म्हणून मुलं '१ एम' टाइप करतात. स्पाइस १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात तयार झाला. त्याला लहान-मोठ्या अक्षरांतला फरक कळत नाही, 'एम' म्हणजे त्याच्या लेखी मिली. एका मुलीने मॉसफेटच्या (गेट या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर) गेटवरून ग्राउंडला असाच '१ एम' लावला होता आणि गेटला १० किलोओहममधून ५ व्होल्ट दिले होते. गेटवर पोचत होता अर्धा मायक्रोव्होल्ट! तिने तीन वेळा मॉसफेट बदलला, पण गेटचा व्होल्टेज एकदाही बघितला नाही. मेगासाठी 'मेग' लिहा. आणि काही चाललं नाही की भाग बदलत सुटू नका, आधी प्रत्येक नोडवर, म्हणजे भाग जिथे जोडले जातात त्या बिंदूवर, प्रोब ठेवून व्होल्टेज बघा. ही घाई मला अजिबात खपत नाही.

बाकीच्या थोडक्यात सांगतो.

टिंकरकॅड या ऑनलाइन सिम्युलेटरमध्ये रेझिस्टरशिवाय एलईडी जोडला की तो फुटल्याचं चित्र येतं, मुलं हसतात आणि पुढे जातात. तिथेच थांबवून करंट काढायला लावा.

दोन ट्रान्झिस्टरचा अस्टेबल (दोघं आलटून-पालटून चालू-बंद होतात ते सर्किट) एलटीस्पाइसमध्ये पुष्कळदा सुरूच होत नाही, कारण दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असतात. एका बेसला सुरुवातीचा व्होल्टेज शून्य द्या.

रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावलाच पाहिजे, स्क्रीनवर त्याच्याशिवाय चालत असलं तरी.

नेटवरून तयार सर्किट उतरवून 'रन' दाबणं म्हणजे शिकणं नव्हे.

आणि ट्रान्झिस्टरचे पाय. सिम्युलेशनमध्ये २एन३९०४ घेतात, दुकानातून बीसी५४७ आणतात आणि तसाच खोचतात. चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून पहिल्याचे एमिटर, बेस, कलेक्टर; दुसऱ्याचे कलेक्टर, बेस, एमिटर. डेटाशीट उघडून पाय जुळवायला दोन मिनिटं लागतात. तेवढंही ज्याला थांबवत नाही, त्याच्या हातात मी सोल्डरिंग गन देत नाही.